व्हीएफडी लावला की वीज आठव्या हिश्शावर?

नव्या ऑफिस इमारतीच्या ऊर्जा-अहवालाची बैठक असो, नाहीतर जुन्या इस्पितळाची एसी यंत्रणा बदलण्याची चर्चा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पंख्याला व्हीएफडी लावा, वेग निम्मा करा, वीज आठव्या हिश्शावर येते. विज्ञानच आहे ते!’ व्हीएफडी म्हणजे मोटारचा वेग बदलणारा ड्राइव्ह; शक्ती वेगाच्या घनाने बदलते, म्हणून निम्म्या वेगाला आठवा हिस्सा, हे त्यामागचं सूत्र. मग संगणकावरच्या मॉडेलमध्येही तोच घन घातला जातो, वार्षिक बचतीचा घसघशीत आकडा बाहेर पडतो आणि मालक खूश होतो. वर्षभराची बिलं हाती आली की दोष ऑपरेटरचा, उन्हाळ्याचा किंवा वीज कंपनीचा. त्या घनाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

नियम खोटा नाही, हेच खरं दुखणं आहे. पंख्याचा किंवा पंपाचा वेग बदलला की प्रवाह वेगाच्या, दाब वेगाच्या वर्गाच्या आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे पुस्तकात बरोबरच छापलेलं आहे. पण त्याला एक अट आहे. समोरचा सगळा अडथळा निव्वळ घर्षणाचा हवा. प्रवाह थांबला की विरोधही शून्यावर यायला हवा. इमारतीतल्या बहुतेक यंत्रणा ही अट पाळत नाहीत. सूत्र पाठ करायचं आणि अट विसरायची, ही परीक्षार्थी खोड इथे महागात पडते.

खोलीच्या गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारी व्हीएव्ही यंत्रणा घ्या. शेवटच्या खोलीपर्यंत हवा पोचावी म्हणून डक्टमध्ये दाबाचा सेन्सर बसवतात आणि पंखा तिथला दाब कायम राखतो. समजा, पूर्ण प्रवाहाला एकूण १००० पास्कल दाब लागतो आणि त्यातले ३७५ सेन्सरपाशी कायम हवे आहेत. प्रवाह निम्मा झाला की उरलेल्या ६२५चा पाव भाग, म्हणजे सुमारे १५६ पास्कल उरतात. ३७५ मात्र तसेच. बेरीज ५३१. निम्मा प्रवाह आणि ५३ टक्के दाब यांचा गुणाकार होतो साडेसव्वीस टक्के. शिवाय कमी भारावर मोटार आणि ड्राइव्हची कार्यक्षमता घसरते, ती वेगळीच. घन सांगत होता साडेबारा टक्के!

हा कागदी कीस वाटत असेल, तर अमेरिकेतल्या ‘ॲश्रे’ संस्थेचं ९०.१ हे मानक उघडावं. त्याच्या ‘परिशिष्ट जी’मध्ये तुलनेच्या इमारतीतल्या व्हीएव्ही पंख्यासाठी तयार तक्ताच दिला आहे आणि ‘लीड’ या हरित इमारतींच्या मानांकनाचे हिशोब याच परिशिष्टावर चालतात. तक्त्यात ५० टक्के प्रवाहाला ३० टक्के शक्ती आहे, ७० टक्क्यांना ५४. घनाने हेच आकडे साडेबारा आणि ३४ येतात. ४० किलोवॉटचा पंखा वर्षातून २००० तास निम्म्या प्रवाहावर चालला, तर घनाच्या हिशोबाने १०,००० युनिट जळतात, तक्त्याच्या हिशोबाने २४,०००. एका पंख्यामागे १४,००० युनिटांची ही बचत फक्त अहवालात होते.

व्हीएफडी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. निम्म्या प्रवाहाला ७० टक्के वीज वाचणं काही थोडंथोडकं नव्हे. गरज कमी असताना दाबाचा सेटपॉइंटच खाली आणणारी नियंत्रणं असली, तर आकडा घनाच्या आणखी जवळ जातो. पण ती नियंत्रणं इमारतीत खरोखर बसवलेली आणि चालू असायला हवीत. मॉडेलमध्ये गृहीत धरून वीज वाचत नाही.

पंपांच्या बाबतीत तर घनाची आणखी फजिती होते. मुंबईतल्या वीस मजली सोसायटीत तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवायचं आहे. उंची ६५ मीटर. पूर्ण वेगाला, झडप बंद असताना पंप ८५ मीटरचं हेड देतो, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीपर्यंत ढकलू शकतो. वेग ८० टक्क्यांवर आणला की ते ०.६४ पटीने खाली येतं, ५४ मीटर. मोटार फिरते, पाणी पंपातल्या पंपात घुसळलं जातं आणि गच्चीवर थेंबही पोचत नाही. एसीच्या थंड पाण्याच्या बंद फेऱ्यात अशी उंची चढायची नसते. पण तिथेही टोकाच्या कॉइलपाशी दाबाचा फरक कायम राखला जातोच, म्हणून व्हीएव्हीचंच गणित पुन्हा लागू होतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, पण चिवट.

नेमप्लेटवरचा आकडा म्हणजे वापर नव्हे, ती मोटारची कुवत. सेकंदाला ५ घनमीटर हवा, १००० पास्कल दाब आणि पंख्याची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर शाफ्टवर ८.३ किलोवॉट लागतात. मोटारची कार्यक्षमता ९१ टक्के धरली, तर वीज ९.२ किलोवॉट. जागेवर मोटार ११ किंवा १५ किलोवॉटची बसते आणि मॉडेलमध्ये बिनदिक्कत १५ लिहिले जातात.

सॉफ्टवेअरचे आयते आकडे म्हणजे तज्ज्ञांचा सल्ला, हा आणखी एक भ्रम. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या एनर्जीप्लसमध्ये पंपाचं हेड न भरल्यास १,७९,३५२ पास्कल धरलं जातं. आकडा भलताच काटेकोर दिसतो. प्रत्यक्षात ते गोळाबेरीज ६० फूट पाणी आहे. बदलत्या वेगाच्या पंपाचा वक्रही आयता ठेवला तर सरळ रेषा निघते: निम्मा प्रवाह, निम्मी वीज. म्हणजे एकाच मॉडेलमध्ये पंख्याला घन आणि पंपाला सरळ रेषा, आणि दोन्ही चूक!

एएचयूच्या (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या युनिटच्या) कॅटलॉगमधला ‘बाहेरचा’ दाब उचलून पंख्याला देणारेही कमी नाहीत. त्यात एएचयूच्याच पोटातले फिल्टर आणि कॉइल धरलेले नसतात. पंख्याची वीज पंख्यापाशी संपते, हेही खरं नाही. मोटार हवेच्या प्रवाहातच असेल, तर ती सगळी वीज उष्णता होऊन हवेत मिसळते. १००० पास्कल आणि एकूण ६० टक्के कार्यक्षमतेला हवा सुमारे १.४ अंश सेल्सिअसने तापते आणि तो भार चिलरला उचलावा लागतो.

ईसीबीसी ही ऊर्जासंवर्धन इमारत संहिता भारतात २००७मध्ये आली, २०१७मध्ये सुधारली गेली. संपूर्ण इमारतीची कामगिरी मॉडेलने सिद्ध करण्याची वाट तिच्यात आहे, त्यामुळे असे अहवाल आता आपल्याकडेही टेबलावर येतात. अहवाल हाती आला की मालकाने आणि वास्तुविशारदाने सल्लागाराकडे पंख्याचा आणि पंपाचा वक्र मागावा, दाबाचे आकडे कुठून घेतले ते विचारावं. एएचयू आणि पंपांच्या पॅनेलवर स्वतंत्र मीटर बसवण्याची अट निविदेतच घालावी, म्हणजे वर्षभराने मॉडेलचा आकडा प्रत्यक्ष युनिटांशी ताडून बघता येईल.