चार्जिंग स्टेशन टाकायचंय? आधी ट्रान्सफॉर्मर बघा, मग गाड्या मोजा



हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता तालुक्याच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. त्यामुळे गटांच्या बैठकीत एक नवा प्रश्न येतो : "ताई, गटाची रस्त्याकडेला जागा आहे. कर्ज काढून चार्जिंग स्टेशन टाकलं तर?"

विचार चांगला आहे. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज विकण्याचा वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे गटालाही हा धंदा करता येतो. पण ठरावावर सह्या करण्याआधी हिशोब नीट समजून घेऊ.

किलोवॅट आणि युनिट

नळाची तोटी किती मोठी, हे किलोवॅट. हंड्यात एकूण किती पाणी आलं, हे युनिट. १ किलोवॅटचं यंत्र १ तास चाललं की १ युनिट वीज लागते.

लहान इलेक्ट्रिक कारची बॅटरी साधारण २० ते ३० युनिटची असते. ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरायला १८ युनिट लागतात. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर याला साडेपाच तास लागतील. ३० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर तेच काम पाऊण तासाच्या आत होऊ शकतं. मात्र ६० किलोवॅटचा चार्जर लावला म्हणून प्रत्येक गाडी दुप्पट वेगाने भरत नाही. गाडी तिला झेपेल तेवढीच वीज घेते, आणि बॅटरी भरत आली की वेग आणखी कमी होतो.

फास्ट चार्जर महाग का?

आपल्या घरात येते ती एसी वीज. बॅटरीत साठते ती डीसी. साधा चार्जर एसी वीज गाडीला देतो आणि गाडीत बसवलेलं छोटं यंत्र तिची डीसी करून घेते. ते यंत्र छोटं, म्हणून वेळ जास्त. फास्ट चार्जरमध्ये हे काम बाहेरचं मोठं मशीन करतं आणि तयार डीसी वीज थेट बॅटरीत सोडतं. म्हणून साधा चार्जर काही हजारांत येतो, तर ६० किलोवॅटचं फास्ट चार्जर मशीन ५ लाखांच्या वर जातं.

खरी अडचण मशीनच्या मागे आहे

१० एचपीची पिठाची गिरणी साधारण साडेसात किलोवॅट वीज ओढते. म्हणजे ६० किलोवॅटचा एक चार्जर चालणं म्हणजे अशा आठ गिरण्या एकाच वेळी चालणं! गावात बऱ्याच ठिकाणी ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो एकटा चार्जरच जवळजवळ पूर्ण खाऊन टाकेल. मग गावातले दिवे, पंखे, गिरणी कशावर चालणार?

म्हणून अशा चार्जरसाठी बहुतेक वेळा वेगळा ट्रान्सफॉर्मर, खांब आणि जाड केबल लागते. ११ केव्हीची लाईन जागेपासून जितकी लांब, तितका खर्च जास्त. एजंटच्या कागदावर अनेकदा फक्त मशीनची किंमत असते, हा खर्च नसतो.

शिवाय वीजबिलात वापरलेल्या युनिटबरोबर स्थिर किंवा मागणी आकारही असतो. जोडणी मोठी तसा हा आकार मोठा. महिन्यात एकही गाडी आली नाही तरी तो भरावाच लागतो.

हप्त्याचा हिशोब

उदाहरण म्हणून धरू, सगळं मिळून १० लाखांचं कर्ज काढलं. व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता येतो महिन्याला सुमारे २२,२५० रुपये. विजेचे पैसे वजा जाता युनिटमागे ५ रुपये सुटतात असं समजा. मग फक्त हप्ता निघायला महिन्याला ४,४५० युनिट विकावे लागतील. म्हणजे दिवसाला सुमारे १४८ युनिट, गाडीला १८ युनिट धरले तर रोज आठ-नऊ गाड्या. सण असो, पाऊस असो, रोज! स्थिर आकार, दुरुस्ती, राखणदार हे वेगळंच.

रोज दोनच गाड्या आल्या तर महिन्याला सुटतील ५,४०० रुपये. हप्त्याला १६,८५० कमी पडतील. दहाजणींच्या गटात प्रत्येकीला दर महिन्याला १,६८५ रुपये घरातून घालावे लागतील. हप्ता थकला तर पुढच्या कर्जाला अडचण येते, आणि त्या कर्जावर कुणाची शेळी तर कुणाच्या मुलीची फी अवलंबून असते.

मग आपण काय करू शकतो?

पहिला मार्ग, लहान सुरुवात. गटाची खानावळ किंवा कृषी पर्यटनाची जागा असेल तर ३.३ किलोवॅटचे एक-दोन साधे चार्जर बसवता येतात. जेवायला थांबलेल्याची स्कूटर तेवढ्या वेळात थोडीफार भरते आणि मुक्कामी पाहुण्याची कार रात्रीतून भरते. अर्थिंग नीट करून घ्या. घरगुती मीटरवरून पैसे घेऊन चार्जिंग करू नका. चार्जिंग स्टेशनसाठी वीजदराचा वेगळा प्रवर्ग आहे, त्याचीच जोडणी मागा.

दुसरा मार्ग, जागा आपली आणि मशीन कंपनीचं. कंपनी खर्च करते, आपण भाडं घेतो. गाडी चार्ज होईपर्यंत माणूस थांबतोच, त्याला चहा-नाश्ता, पापड-लोणची आपण विकायची. करार मात्र लेखी हवा. किमान भाडं ठरलेलं हवं आणि वीजबिल कुणाच्या नावावर, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

ठरावाआधी हे पाच प्रश्न विचारा

१. एवढा भार मंजूर होईल का? महावितरणच्या कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.
२. ट्रान्सफॉर्मर आणि लाईनचा खर्च किती आणि तो कोण करणार?
३. आपल्या रस्त्याने रोज किती इलेक्ट्रिक गाड्या जातात? त्यातल्या किती थांबतील? जवळ आधीच दुसरं स्टेशन आहे का?
४. मशीन बंद पडलं तर किती दिवसांत दुरुस्त होईल? वॉरंटी किती वर्षांची?
५. आगाऊ पैसे कशाचे मागतायत? वीजजोडणीचं लेखी उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. "आजच भरा, नाहीतर संधी जाईल" असं कुणी म्हणालं तर खुशाल जाऊ द्या.

ज्या गटांच्या मनात हा धंदा आहे, त्यांनी पुढच्या बैठकीआधी दोन कामं करावीत. आळीपाळीने दोघीजणींनी सात दिवस रस्त्यावर बसून हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या मोजाव्यात आणि वहीत लिहाव्यात. आणि जवळचा ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा आहे ते लाईनमनला विचारून घ्यावं. हे दोन आकडे घेऊन या, पुढचा हिशोब आपण मिळून मांडू.

— तुमची क्षेत्र समन्वयक