गर्तांग गलीची वाट

आम्हा बडोदेकरांना चढ म्हणजे पावागड. त्याहून अवघड वाट माझ्या पायांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मधील गंगोत्रीच्या यात्रेत ताईने "एक दिवस गर्तांग गलीसाठी ठेवू या" असे म्हटले, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. पण ताई साठी ओलांडलेली आणि मी शेहेचाळिसाचा! नाही म्हणायला तोंड उरले नाही.

गंगोत्रीच्या अलीकडे, भैरोंघाटीजवळ, लंका पूल आहे. जाडगंगा, म्हणजेच जाह्नवी, तेथे खोल घळीतून येऊन भागीरथीला मिळते. पुलापासून दोनएक किलोमीटर देवदारांमधून चालले की पाऊलवाट संपते आणि उभा कडा सुरू होतो. त्या कड्याच्या अंगालाच लाकडी जिना बसवला आहे. लांबी १३६ मीटर, रुंदी १.८ मीटर, आणि उंची समुद्रसपाटीपासून सुमारे अकरा हजार फूट. एका हाताला खडक, डोक्यावर झुकलेला कातळ, दुसऱ्या हाताला कठडा. आणि कठड्याखाली एकदम नदी.

ही वाट हौशी लोकांसाठी झालेली नव्हे. तिबेटातून मीठ, लोकर आणि कातडी घेऊन येणारे व्यापारी या वाटेने उत्तरकाशीच्या बाजाराला उतरत. पेशावरच्या पठाणांनी ती कोरली, असे तिकडे सांगतात. १९६२ च्या चीन-युद्धात सीमा बंद झाली, वरची नेलांग आणि जादुंग ही गावे रिकामी करण्यात आली आणि जिना कुजत पडला. दुरुस्त होऊन तो पुन्हा उघडला ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे एकोणसाठ वर्षांनी.

आमचा वाटाड्या जाड भोटिया समाजातला, तिशीतला तरुण होता. त्या विस्थापित गावांचे लोक आता उन्हाळ्यात हर्षिलजवळच्या बगोरीत आणि हिवाळ्यात उत्तरकाशीखालच्या डुंडा येथे राहतात. एका वेळी दहाच माणसे, दोघांत एक मीटर अंतर, जिन्यावर बसायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत, नाचायचे नाही, असे नियम त्याने सांगितले. नाचायला बंदी ऐकून तबलजीच्या मुलाला हसू आले.

ते हसू चार पायऱ्या टिकले. फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी दिसताच मी भराभर चालू लागलो. वाटाड्या मागून म्हणाला, "मास्टरजी, घाई करू नका. भ्यालेला माणूस पळतो आणि पळणाराच घसरतो."

मी जागीच थांबलो. हेच वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकले होते. आमचे वडील १९४४ साली, सोळाव्या वर्षी, दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्यावर लागले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. कायदा वाजवताना माझी लय पुढे धावली की ते डग्ग्यावर हात ठेवून म्हणत, "हात घाबरला तुझा. ठाय वाजव." मग मी विलंबित तीनतालाच्या मात्रा मनात धरल्या आणि एकेका मात्रेला एकेक पाऊल टाकीत पलीकडे पोहोचलो. ताई केव्हाच जाऊन उभी होती.

तेथे वाटाड्याने आपल्या वडिलांची हकिकत सांगितली. १९६२ साली ते आईच्या पाठीवर बसून नेलांग सोडून खाली आले. जिना नव्याने झाला, तेव्हा मुलाने त्यांना मुद्दाम आणले. ते तोंडाशीच उभे राहिले आणि म्हणाले, "वाट चांगली झाली. पण पलीकडे जायचे कोणाकडे?" एवढे बोलून ते परत फिरले.

मला माझ्या वडिलांचे १९४९ आठवले. संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस. हात तयार होता, पण ज्याच्यासाठी तयार केला तो दरबारच उरला नाही. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत. पुढच्या खोलीत सतरंजी घालून त्यांनी शेजारची मुले शिकवायला घेतली आणि २००९ पर्यंत शिकवीत राहिले. पलीकडे कोणी नाही, हे त्यांनाही दिसले असणारच. ते परत फिरले नाहीत, एवढेच. अर्थात त्यांना घर सोडावे लागले नव्हते, हा फरक मी विसरत नाही.

परतताना धरालीच्या बाजारात आम्ही तिघांनी चहा घेतला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेच्या लोंढ्यात तो बाजार गाडला गेला. वाटाड्याला फोन लागायला सहा दिवस लागले. तो आणि त्याचे वडील सुखरूप होते. "मास्टरजी, वाट उघडली की या," एवढेच तो म्हणाला.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल, तर रस्त्याची स्थिती आधी विचारून घ्यावी, जोडे रबरी तळव्यांचे असावेत आणि वाटाड्या बगोरीचा घ्यावा. जिन्यावर मात्र पाऊल ठाय लयीत टाकावे.