वारा गावचा, भाडं कुणाचं?

पाटण तालुक्यातल्या वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या त्या 1990 च्या दशकाच्या अखेरीस. खाली कोयनेचा शिवसागर, वर हजार मीटरहून उंच सडा. सुझलॉनने यंत्रं उभारली, बजाज ऑटोसारख्या कंपन्यांनी पैसा घातला. त्यामागे वाऱ्याइतकाच आयकरही होता, कारण त्या काळी यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसाऱ्यात दाखवता येई. मग चाळकेवाडी, ठोसेघर, सडावाघापूर आणि सांगलीकडे गुढे-पाचगणी, ढालगाव असं हे लोण पसरत गेलं.

सातबाऱ्यावर सड्याची बरीचशी जमीन पोटखराबा. एकेका गटात पंधरा-वीस नावं सामाईक. त्यातली निम्मी माणसं मुंबईत माथाडी नाहीतर गिरणीकामगार, काही नावं मयतांची, वारसनोंद राहिलेली. असा उतारा दलालाला सोन्यासारखा. आधी मुंबईकर हिस्सेदाराची सही घ्यायची, मग गावातल्या भावाला सांगायचं, "त्यांनी दिलीच आहे, तुम्ही मागे राहून काय करणार?" काही हजार रुपये एकराने जमिनी गेल्याचं आजही गावोगाव ऐकायला मिळतं. कूळ कायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही खरी, पण उद्योगासाठी 1994 साली कलम 63-1अ ची वाट करून दिलेली होती. व्यवहार बहुतेक कायदेशीरच झाले, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. फसवणूक असती तर कोर्टात तरी जाता आलं असतं.

मनोऱ्याच्या पायाला जागा थोडी लागते. पण त्याच्यापर्यंत अवजड ट्रेलर नेणारा रस्ता जांभा फोडून काढावा लागतो, वळणं रुंद करावी लागतात, विजेच्या तारा ओढाव्या लागतात. सड्यावर नाचणी-वरीचे तुकडे होते आणि गवळी धनगरांच्या म्हशींचं चरणं होतं. चरणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे मोबदल्याच्या यादीतही ते आलं नाही. गावाच्या वाट्याला आली ती वॉचमनची थोडी कामं, तीही बहुधा ठेकेदारामार्फत.

सांगलीच्या पूर्व भागात आणखी एक गोष्ट घडली. माळरान म्हणून जमिनी विकल्या आणि नंतर म्हैसाळ योजनेचं पाणी कवठे महांकाळ, जतच्या काही भागांत पोचलं. पाणी येईल तिथे द्राक्ष-डाळिंबाची भाषा सुरू झाली. विकणाऱ्याच्या हाती मात्र जुन्या भावाचा जुना पैसाही उरला नव्हता. 2003 च्या दुष्काळानंतर 'पवनचक्क्या ढग पळवतात' अशी आवई इथे जोरात होती. शास्त्राचा तिला आधार नव्हता. पण ज्याला डोक्यावरच्या यंत्रातून एक रुपयाही मिळत नाही, तो त्या यंत्राबद्दल बरं कशाला बोलेल? भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांना संघटित केलं, तेव्हा वाऱ्यावर गावाचाही हक्क आहे हा मुद्दा पुढे आला.

मागणी अचाट नव्हती. डेन्मार्कने 2008 च्या कायद्याने नव्या पवनचक्कीची किमान 20 टक्के मालकी साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करणं काही वर्षं बंधनकारक केलं होतं. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये शेतकऱ्याची जमीन भाडेपट्ट्याने घेतात: हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ, आणि मालकी शेतकऱ्याचीच. सौर पट्ट्यांना जमतं ते पवनचक्कीला न जमायला कारण दिसत नाही.

आता वनकुसवडेची पहिली यंत्रं म्हातारी झाली आहेत. कमी क्षमतेच्या जुन्या यंत्रांच्या जागी मोठी बसवायला केंद्राचं धोरणही आहे. मोठ्या यंत्राला रुंद रस्ता, नवी जागा लागेल. म्हणजे दलाल पुन्हा येणार. सातारा-सांगलीच्या पठारांवरच्या खातेदारांनी त्याआधी दोन कामं उरकावीत. तलाठ्याकडे जाऊन वारसनोंदी पूर्ण कराव्यात, आणि मुंबईकर भावंडांना फोन करून सांगावं की खरेदीखतावर सही नाही. वार्षिक वाढीसह नोंदणीकृत भाडेपट्टा असेल तरच बोलू.