अंडं उलटं करू नका

खुडूक कोंबडी बसवलेल्या घरात वाढलेला माणूस इग्वाना किंवा लेपर्ड गेको पाळायला लागला, की पहिली चूक अंड्यापाशीच करतो. कोंबडी अंडी फिरवते, म्हणून हाही फिरवतो. कोंबडीच्या अंड्यात बलक मधोमध धरून ठेवणारे पीळदार दोर असतात. पाली-सरड्यांच्या अंड्यात ते नसतात. घातल्यापासून साधारण दिवसभरात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, आणि त्यानंतर अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणून जाणकार आधी वरच्या बाजूला पेन्सिलीने टिंब काढतात आणि मगच अंडं उचलतात.

दुसरा समज आमच्या मुकुंदवाडीला शोभणारा: ‘इथल्या उन्हात इन्क्युबेटर कशाला?’ मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. तिथे अंडं उबत नाही, शिजतं. लेपर्ड गेकोला साधारण २६ ते ३२ अंश पुरतात. शिवाय त्याच्यात पिल्लू नर की मादी, हे उबच ठरवते. २६ अंशांना जवळजवळ सगळ्या माद्या, ३२-३३ला नर जास्त, ३४-३५ला पुन्हा बहुतेक माद्या. तेव्हा ‘माझ्याकडे माद्याच निघतात, नशीब!’ म्हणणाऱ्याने आधी थर्मामीटर बघावा. दुसरी अडचण कोरड्या हवेची. ही अंडी चामड्यासारखी मऊ असतात, भोवतालचं पाणी शोषून फुगतात. अंडी ज्यात ठेवतात ते ओलसर व्हर्मिक्युलाइट सुकलं की त्यांना खळगे पडतात आणि फार भिजवलं तर बुरशी येते.

‘अंडी घातली, म्हणजे जोडी जमली’ हेही खरं नाही. मादी नराशिवायही पोकळ अंडी घालते. क्वचित अशा अंड्यांतून पिल्लंही येतात: इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या कोमोडो ड्रॅगन मादीने नराशिवाय गर्भ धरलेली अंडी घातल्याचं २००६मध्ये सिद्ध झालं. एरवी मात्र पोकळ अंडीसुद्धा मादीच्या हाडांतलं कॅल्शियम ओढून नेतात. उकरायला माती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकतात आणि जिवावर बेततं. खिडकीतलं ऊन कॅल्शियमच्या कमतरतेवर उपाय नाही, कारण ते अंगी लागायला हवे असलेले अतिनील-बी किरण काच अडवते.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. ‘परदेशी प्राणी, त्याला कायदा कुठला?’ हे १ एप्रिल २०२३पासून संपलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या याद्या अनुसूची ४मध्ये आल्या. हिरवा इग्वाना त्यातल्या परिशिष्ट २मध्ये आहे. २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. परिशिष्ट १मधल्या प्राण्यांच्या पैदाशीला वेगळा परवाना लागतो.

घोरपडीला यातली कुठलीच वाट नाही. ‘अंडं शेतात सापडलं, घरी उबवलं, मग ती पाळीवच’ असं सांगणारे भेटतात. ती अनुसूची १मध्ये आहे, शिक्षा किमान ३ वर्षे. नांगरताना अंडी उघडी पडली, तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं.