वेल्डिंगची पहिली खरेदी

लोखंडाला लोखंड जोडण्याचे जुने मार्ग आपल्याला ठाऊक आहेत. लोहार दोन तुकडे भट्टीत तापवतो आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करतो. नाही तर भोके पाडून रिव्हेट मारतात. आता गावोगावी विजेचे वेल्डिंग आले आहे. गोठ्याचे फाटक, खिडकीचे गज, ट्रॉलीचा फाळका, ही सारी कामे त्याने होतात. हाताला काम हवे असलेल्या तरुणाला हा धंदा बरा वाटतो. त्यात नवल नाही.

पण सामान आणायला तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात गेले की काय होते? पहिली नजर यंत्रावर जाते. मोठे यंत्र घेतले जाते. पिशवीत उरलेल्या पैशांत एक साधा काळा चष्मा घेतात आणि घरी येतात. आमचे सांगणे याच्या अगदी उलट आहे. आधी डोळ्यांची काच घ्या, मग यंत्र घ्या. आणि प्रत्येक वस्तू घेताना तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. ते अशा वेळी उपयोगी पडले पाहिजेत.

वेल्डिंग कसे होते?

यंत्रातून दोन जाड तारा निघतात. एका तारेच्या टोकाला चिमटा असतो. तो कामाच्या लोखंडाला लावतात. दुसऱ्या तारेच्या टोकाला होल्डर असतो. त्यात काडी धरतात. काडी लोखंडावर घासून किंचित वर उचलली, की मधल्या फटीतून वीज उडी घेते. तिथे झगझगीत झोत पेटतो. लोखंड सुमारे १,५०० अंशांना वितळते. या झोताची उष्णता त्याच्या तिपटीहून जास्त असते. म्हणून काडी आणि लोखंड दोन्ही वितळतात, एकत्र होतात आणि निवाल्यावर जोड तयार होतो.

काडीवर एक लेप असतो. तो शोभेसाठी नाही. लेप जळून त्याचा वायू होतो आणि तो वितळलेल्या लोखंडापासून हवा दूर ठेवतो. उरलेल्या लेपाची खपली जोडावर बसते. ती हातोडीने काढून टाकायची. अशी लेप दिलेली काडी स्वीडन देशातील ऑस्कर केलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढली. तेव्हापासून वेल्डिंगचा जोड भरवशाचा झाला.

डोळ्यांची काच

या झोतातून नुसता उजेड येत नाही. डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरणही येतात. त्यांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो. वाईट गोष्ट अशी, की तो भाजताना कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पाणी गळते. उजेड सहन होत नाही. असे झाले तर डोळे चोळू नयेत. बटाट्याचा काप किंवा शेजाऱ्याने सांगितलेले औषध यांवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे. बधिर करणारे थेंब तर मनाने मुळीच घालू नयेत.

उन्हाचा काळा चष्मा इथे चालत नाही. त्याने उजेड कमी दिसतो, म्हणून माणूस अधिक वेळ बघत राहतो. शिवाय चेहरा आणि मान उघडीच राहतात. वेल्डिंगची काच वेगळी असते. तिच्यावर क्रमांक असतो. नवशिक्याच्या कामाला १० किंवा ११ क्रमांकाची काच घ्यावी. ती हातात धरायच्या ढालीत किंवा डोक्यावर घालायच्या हेल्मेटात बसवतात. हेल्मेट घेतले तर दोन्ही हात मोकळे राहतात. काळ्या काचेपुढे बसवायच्या साध्या काचाही दोन-चार जादा घ्याव्यात. ठिणग्या त्यांच्यावर पडतात आणि महागाची काच वाचते. खपली फोडताना घालायला पारदर्शक चष्मा वेगळा घ्यावा.

मुले कौतुकाने झोताकडे बघत उभी राहतात. त्यांच्याही डोळ्यांना तोच अपाय होतो. त्यांना दूर पाठवा किंवा मध्ये जाड पडदा लावा. तो पेट घेणार नाही असा असावा.

हात आणि अंग

हातमोजे कातड्याचे घ्यावेत, मनगटाच्या वर येणारे. रबरी किंवा नायलॉनचे नकोत. कपडे जाड सुती असावेत. टेरिलिनचा सदरा ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. पायांत बूट हवेत आणि विजार बुटांवर आली पाहिजे, नाही तर ठिणगी बुटात शिरते. ओल्या कपड्यांत, ओल्या जमिनीवर काम करू नये. होल्डरमध्ये ६० ते ८० व्होल्ट वीज असते. अंग कोरडे असताना ती सहसा जाणवत नाही. पण घामाने भिजलेल्या माणसाचा तिने जीवही जाऊ शकतो.

काड्या

दुकानदाराला “काड्या द्या” एवढेच म्हणू नका. पाकिटावर ई ६०१३ असे छापलेले असते. अक्षर आणि आकडे इंग्रजीत असतात, ते ओळखायला शिका. साध्या लोखंडासाठी आणि शिकणाऱ्या हातासाठी ही काडी चांगली. तिचा झोत लवकर पेटतो. आयएस ८१४ हे अशा काड्यांचे भारतीय मानक आहे. तो क्रमांक पाकिटावर आहे का तेही पाहावे.

जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. आरंभी अडीच मिलिमीटरची काडी घ्यावी. तिला साधारण ६० ते ९० अँपिअर वीज लागते. नेमका आकडा पाकिटावरच असतो. वीज कमी झाली तर काडी चिकटते. फार झाली तर पातळ पत्र्याला भोक पडते.

लेपाचे टवके उडालेली किंवा ओल लागलेली काडी घेऊ नये. पावसाळ्यात उरलेल्या काड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

यंत्र

जुने यंत्र फार जड असे. आता हातात उचलता येणारे इन्व्हर्टर यंत्र मिळते. डब्यावर मोठ्या आकड्यात २०० लिहिले आहे, म्हणून भुलू नका. नवशिक्याला शंभरापर्यंतच काम पडते. यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिच्यावर ‘ड्युटी सायकल’ म्हणून आकडा असतो. ६० टक्के असेल, तर त्या अँपिअरला दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा, असा त्याचा अर्थ. जो दुकानदार ही पट्टी दाखवायला कुरकुर करील, त्याच्याकडून घेऊ नये.

यंत्राची पिन घरातील दिव्याच्या बोर्डात खुपसू नका. परवाना असलेल्या वायरमनकडून जाड तार, वेगळा स्विच आणि पक्के अर्थिंग करून घ्या. तार आणि स्विच आयएसआय खुणेचे असावेत.

पावती

सामान घेतल्यावर पक्के बिल मागा. त्यावर वस्तूचे नाव, तारीख आणि रक्कम हवी. गॅरंटीच्या कार्डावर शिक्का हवा. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. तक्रार असेल तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

सराव

सरावाला नवे लोखंड नको. भंगारातून पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आणा. मात्र जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आणि पत्रे टाळा. त्यांच्या धुराने ताप भरतो. तेलाचे रिकामे पिंपही आणू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. काम उघड्या हवेत करा. ठिणगी दहा मीटरपर्यंत उडू शकते, म्हणून कडबा आणि पेंढा दूर ठेवा. पाण्याची आणि वाळूची बादली जवळ असावी. पण वीज चालू असलेल्या यंत्रावर पाणी टाकू नये.

हातात कसब यायला गुरू लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याला संधाता असेही म्हणतात. आठवी पास झालेल्याला तिथे अर्ज करता येतो. तुमच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर चौकशी करा.

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या हाताने यादी लिहा. ती याच क्रमाने असावी :

१. काच बसवलेले हेल्मेट
२. पारदर्शक चष्मा
३. कातडी हातमोजे
४. काड्या
५. खपली काढायची हातोडी आणि तारेचा ब्रश
६. यंत्र, होल्डर आणि चिमटा

पैसे कमी पडले तर यादी वरून कापू नका. यंत्र दोन महिन्यांनी घेता येईल. डोळे पुन्हा विकत मिळत नाहीत.

उत्तरे लिहा

१. साधा काळा चष्मा वेल्डिंगला का चालत नाही?
२. काड्यांच्या पाकिटावर काय काय वाचावे?
३. तुमच्या गावातील वेल्डर कोणत्या क्रमांकाची काच वापरतो? विचारून या.