पगाराच्या जागी बक्षिसी

अमेरिकेत रात्रभर धावणाऱ्या रेल्वेगाडीतल्या पुलमन कंपनीच्या शयनडब्यात पांढरं जाकीट घातलेला पोर्टर पहाटे प्रवाशांचे बूट चमकवून ज्याच्या त्याच्या बर्थखाली नेऊन ठेवायचा. पॉलिशचे पैसे त्याच्याच खिशातले. गाव जवळ आलं की उतरणाऱ्याच्या कोटावरून ब्रश फिरवायचा आणि हातावर काही पडतंय का, याची वाट बघायची. प्रवासी त्याला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत. हे नाव त्याचं नव्हे, कंपनीचे मालक जॉर्ज पुलमन यांचं. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची रीत गुलामगिरी कायद्याने संपली तरी सुटली नव्हती.

टीप ही अमेरिकेत युरोपातून आलेली चाल. यादवी युद्धानंतर मात्र तिचं रूप पालटलं. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुलमनने तुटपुंज्या पगारावर ठेवलं. उरलेलं प्रवासी देतील, असा हिशेब. 1915 मध्ये सरकारी आयोगाने चौकशी केली तेव्हा पोर्टरचा पगार महिना 27.50 डॉलर होता. कंपनीचे माजी अध्यक्ष म्हणून साक्षीला आले रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. हे नाव इथे वाचताना आजही सलतं.

टीपवर बंदीही घालून झाली. वॉशिंग्टन राज्याने 1909 मध्ये कायदा केला, आणखी काही राज्यांनी तीच वाट धरली. 1926 पर्यंत सगळे कायदे रद्द झाले. नुसत्या बंदीने कोणाचा पगार वाढत नव्हता. तो वाढला संघटनेमुळे. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टर एकत्र आले आणि बारा वर्षं झुंजून 1937 मध्ये त्यांनी करार मिळवला. महिन्याचे 400 तास 240 वर आले, पगारही वाढला.

वेटरच्या नशिबी हे आलं नाही. 1938 च्या किमान वेतन कायद्याने हॉटेल कामगारांना बाहेरच ठेवलं. 1966 मध्ये आत घेतलं, पण निम्मं वेतन टीपमधून वळतं करायची मुभा मालकांना देऊन! 1991 मध्ये मालकाने द्यायची किमान रक्कम तासाला 2.13 डॉलर झाली आणि 1996 च्या कायद्याने तिथेच गोठली. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो. पण तो मागायचा त्याच मालकाकडे, ज्याच्या हातात पुढच्या आठवड्याच्या पाळ्या असतात.

कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांत मालकाला ही सूट नाही. तिथे वेटरला पूर्ण किमान वेतन मिळतं आणि टीप त्यावर. 2025 मध्ये संघीय सरकारने टीपच्या 25,000 डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकरात सवलत दिली. 2.13 चा आकडा मात्र त्या कायद्यानेही हलवला नाही.