यंत्राचं म्हणणं : ऑटोने मोटार का उचलली नाही?

गेल्या आठवड्यात आपण स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पाहिला. आज त्याच्या शेजारच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाकडे, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘ऑटो’ म्हणतो त्याच्याकडे वळू.

दुसरबीडच्या शिवारात हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की एक तक्रार हमखास कानावर येते. लाईन आली, पण ऑटोने मोटार उचलली नाही. पाठोपाठ निदानही येतं, ‘बोर्ड गेला’. नवा बोर्ड बसतो, पैसे जातात आणि पुष्कळदा मोटार तरीही उभीच राहते. मोटार सुरू करणं हे या बोर्डाचं अर्धंच काम आहे. धोका दिसला तर तिला सुरू होऊ न देणं, हे उरलेलं अर्धं.

लाईन आल्यावर बोर्ड आधी तिन्ही फेज हजर आहेत का आणि त्यांचं व्होल्टेज साधारण सारखं आहे का ते बघतो. मग लावून दिलेला वेळ थांबतो. त्यानंतर त्याच्यावरचा लहान रिले कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देतो, कॉइल खट्कन ओढते आणि मोटार फिरू लागते. पुढे विहिरीत पाणी आहे की मोटार कोरडी चालली आहे, यावरही काही बोर्ड लक्ष ठेवतात. कुठेही गडबड दिसली की बोर्ड थांबतो आणि तसा दिवा लावतो. तो दिवा वाचायच्या आधीच आपण पेटी उघडतो, ही खरी अडचण.

अमेरिका-कॅनडात घरं गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीतही असाच बोर्ड असतो. धूर ओढणारा पंखा, हवेच्या दाबाचा स्विच, गॅस पेटवणं, ज्योत ओळखणारा सेन्सर, अशा क्रमाने तो पुढे जातो. ज्योत जाणवली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद करतो. त्याचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्याचा अर्थ बहुधा भट्टीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. सेन्सरवर नुसता थर चढलेला असताना तिथेही अख्खा बोर्ड बदलला जातो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे एक फेज जाणं. डीपीवरचा एक फ्यूज उडालेला असतो. आपण टेस्टर लावतो, तर तो तिन्ही तारांवर पेटतो. कारण त्याच डीपीवर दुसऱ्या कुणाची मोटार जोडलेली असेल, तर तिच्या वायंडिंगमधून फिरून वीज त्या मेलेल्या तारेवर येते. टेस्टर तेवढ्यावरही पेटतो, पण त्या विजेवर मोटार ओढली जात नाही. म्हणून मोजायचं ते मीटरने, दोन-दोन फेजमध्ये. तिन्ही जोड्यांत 415 व्होल्टच्या आसपास आकडा हवा. एखाद्या जोडीत तो बराच खाली असेल, तर बोर्डाने थांबून मोटार वाचवली आहे. अशा वेळी बायपास करून बटण दाबलं, की उभी मोटार नुसती हुंकारत राहते आणि वायंडिंग जळतं. चालत्या मोटारीची एक फेज गेली तर उरलेल्या दोन तारांत करंट साधारण पावणेदोन पट होतो. मोजमाप चालू लाईनवरच होतं, म्हणून ते जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. पेटीत हात घालायचा असेल तेव्हा आधी मेन स्विच पाडावा.

फेज ठीक असतील, बोर्डावरचा रिले टिकटिकला आणि कॉन्टॅक्टर ओढला नाही, तर दोष बहुधा बोर्डाच्या पुढे आहे. जळालेली कॉइल, सैल होऊन काळा पडलेला स्क्रू, कॉन्टॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्या किंवा पाल. पेटीची भोकं बुजवली तरी यातला बराच त्रास टळतो. बोर्ड खरोखर गेलेला असतो तेव्हा त्याची लक्षणं वेगळी दिसतात. वीज आणि फ्यूज नीट असून एकही दिवा लागत नाही, कपॅसिटर फुगलेला असतो किंवा पट्टीवर जळाल्याचा डाग असतो. रिले चिकटून मोटार बंदच होत नसेल, तर मात्र तो बोर्ड त्याच दिवशी काढावा.

महावितरण शेतकऱ्यांना ऑटो काढून कपॅसिटर बसवायला सांगतं. ऑटो काढण्यामागचं कारण रास्त आहे. मोटार उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, आणि लाईन येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर फ्यूज उडतात, डीपीही जळते. पण रात्री लाईन आली की साप आणि रानडुकरं असलेल्या शिवारात कुणी उठून जायचं? ऑटो लावणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. दिवसाची वीज मिळणं हाच त्यावरचा खरा इलाज. तोवर ज्यांच्याकडे ऑटो आहे, त्यांनी एका डीपीवरच्या शेजाऱ्यांसोबत बसून प्रत्येकाच्या बोर्डाचा टायमर वेगळा लावावा. एकाची मोटार मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, तिसऱ्याची तीन मिनिटांनी उठू द्या.

कपॅसिटर कुठे जोडायचा आणि केवढा, ते पुढच्या आठवड्यात.